दोन वाजून पाच मिनिटं

“दोन वाजून पाच मिनिटं झालीत,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. “माझी ड्युटी दोनला संपली, मी चार्ज देऊन मोकळी झाले. सही आता उद्या.”

समोर नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी उभी होती. हातात प्रॅक्टिकलची वही. पेशंटवर केलेल्या प्रत्येक कामापुढे ते बघणाऱ्या सिस्टरची सही लागते. अशा शंभर सह्या झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. हिच्या नव्व्याण्णव झाल्या होत्या. शंभरावं काम, सलाईनची सुई लावणं, तिने पावणेदोनला सिस्टरांच्या डोळ्यांदेखत केलं होतं. एका झटक्यात, सुरेख.

“सिस्टर, वही आज पाचच्या आत कॉलेजात द्यायचीय. नाहीतर वर्ष जाईल माझं.”

“मग दोनच्या आत यायचं होतंस.”

“पेशंटला उलटी झाली, म्हणून थांबले होते.”

“थांबलीस ते बरोबरच केलंस. पण चार्ज दिल्यावर सही करणारी मी कोण?”

मुलगी गेली. सिस्टरांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण नियम म्हणजे नियम. पोरी आपल्याला पाठीमागे ‘घड्याळबाई’ म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते आवडायचंही. त्यांची खंत वेगळीच होती. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि ही कॅज्युअल्टी जिच्या हाती निर्धास्त सोपवावी अशी एक नर्स नजरेत नव्हती. चार वर्षं कॉलेजची, मग दोन वॉर्डात घासायची. सहा वर्षांनी कुठे माणूस इथे उभं राहण्याच्या लायकीचं होतं. तोवर निम्म्या गळतात. उरतात त्यांतल्या काही परदेशी जातात, काही घरी बसतात. तीस वर्षं हाडं झिजवली आणि मागे कोण, तर कुणीच नाही! हे मनात आलं की त्यांना रात्री जेवण जात नसे.

त्या पर्स उचलणार एवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. हातांवर चार वर्षांचा मुलगा, कुशीवर वळवून धरलेला. त्याचे हातपाय ताठ होऊन झटके देत होते.

“ताप आणि फिट,” बाई म्हणाली. “पहिली एक सेहेचाळीसला, तीन मिनिटं. दुसरी वाटेत, दोन वाजून चारला, अजून चालू आहे. वजन सोळा किलो. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी नाही. जेवून दोन तास झालेत.”

चार्ज दिलेला होता, पण सिस्टरांनी पर्स खुर्चीवर फेकली. बाईच्या मनगटावर बॉलपेनने वेळा लिहिलेल्या होत्या. डॉक्टर धावत आले; वजन आधीच कळल्यामुळे औषध मोजायला क्षणही गेला नाही. सिस्टरांनी ऑक्सिजनच्या मास्कसाठी हात मागे केला, तर बाईने तो आधीच पुढे धरलेला. सुई लावताना पोराचा हात असा धरला की तसूभर हलला नाही. बाईचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण आठवत बसायला वेळ कुणाला होता?

दहा मिनिटांत झटके थांबले. थोड्या वेळाने पोराने भोकाड पसरलं, तेव्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

“वेळा आणि वजन तोंडपाठ होतं म्हणून निभावलं,” डॉक्टर जाता जाता म्हणाले.

सिस्टर बाईजवळ आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना हुरूप आला होता.

“कुठल्या हॉस्पिटलात आहेस गं तू?”

“हॉस्पिटलात नाही. पाळणाघर चालवते. हा तिथलाच. आई निघालीय त्याची ऑफिसातून.”

“काय सांगतेस! असले हात आणि पाळणाघरात? उद्याच ये इथे. मी बोलते साहेबांशी. शिकवायला मला अजून तीन आठवडे आहेत. रजिस्ट्रेशन नंबर सांग बघू.” त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

“नंबर नाही, सिस्टर. शेवटच्या वर्षाला परीक्षेला बसू दिलं नाही. एक सही राहिली होती. वर्ष गेलं, मग घरचे थांबेनात. लग्न लावून दिलं.”

“एका सहीपायी?” सिस्टर उसळल्याच. “काम केलं नव्हतंस का?”

“केलं होतं. त्यांच्यासमोरच.”

“मग कोण ही बया? एवढी वर्षं पाण्यात घालवली पोरीची!”

बाईने मुलाच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी उलटवली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“मघाशी आत शिरताना दारात एक मुलगी दिसली,” ती म्हणाली. “वही छातीशी धरून रडत होती. तेव्हाच ओळखलं, आज ड्युटीवर तुम्हीच असणार.”