ओल्या चुन्याखाली

ओला चुना काहीच लपवत नाही. शाळेच्या बाईंनी कुंचला फिरवला, दोन पावलं मागे सरून पाहिलं, तर सगळी नावं जशीच्या तशी. उलट पाण्यातल्या गोट्यांसारखी जास्तच लख्ख.

"वाळू दे गं," मागून आई म्हणाली. "वाळला की खातो सगळं."

मासळीच्या लिलावाच्या या शेडमध्ये उद्या मतदान होतं. केंद्राच्या भिंतीवर कुठल्याही उमेदवाराचं नाव दिसता कामा नये, मग तो हयात असो की नसो, असा वरून हुकूम होता. केंद्र बाईंच्या ताब्यात. आणि शेडची मागची भिंत म्हणजे नावांशिवाय दुसरं काही नव्हतंच. कोण आला, कोण पडला, कितीने पडला. दर निवडणुकीनंतर गावाने तिथे एक ओळ लिहायची, त्या साली होड्या रंगवून जो रंग उरेल त्याने. पुढच्या खेपेपासून हा सगळा किनारा खाडीपलीकडच्या शहराच्या मतदारसंघाला जोडणार होते. म्हणजे या खेपेनंतर नवी ओळ कुणी लिहिणार नव्हतं.

दुपार कलली होती. दारातून आलेलं समुद्राचं ऊन छतावर हलत होतं, आणि जाळ्यांच्या ढिगावर बाईंची वर्षभराची लेक मूठ तोंडात घालून झोपली होती.

निळी ओळ गेली. ती पहिल्या निवडणुकीची, पेटी होडीतून आली तेव्हाची. हिरवी गेली. ती वादळाच्या सालची. त्या वर्षी पेटी वाहून गेली, तिसऱ्या दिवशी जाळ्यात सापडली, आणि मतपत्रिका सुकटीशेजारी दोरीवर वाळत घालून मोजल्या. निवडून आला त्याला लोक पाच वर्षं 'वासाचा' म्हणत. मग एकच नाव चार ओळींत, चार रंगांत. "हा एकदा तरी आला होता का गं इकडे?" बाईंनी विचारलं.

"आला होता ना. वाट चुकून."

दोघी हसल्या. मग कुंचला पिवळ्या ओळीपाशी आला आणि थांबला.

*मास्तर पडले. एका मताने.*

मास्तर म्हणजे बाईंचे वडील. त्या दिवशी अख्ख्या किनाऱ्यातून एकच मतदार आला नव्हता, मास्तरांची बायको. ती घरी बाळंतीण होत होती. ती आली असती तर बरोबरी झाली असती, मग चिठ्ठ्या टाकल्या असत्या, आणि चिठ्ठीत मास्तर कधी हरत नसत. हा हिशेब गावात पोराटोरांना पाठ होता. जन्मली त्या दिवशी बापाची खुर्ची खाल्ली म्हणून बाईंचं नावच खुर्ची पडलं. प्रेमानेच म्हणायचे. "काय खुर्ची, शाळा सुटली का?" बाईही हसून मान हलवायच्या. मास्तर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. ते गेले त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

"मार की," आई म्हणाली.

"आई, तू त्या दिवशी गेली असतीस तर..."

"तर दोन मतांनी पडले असते."

कुंचल्यातून चुना ठिपकत राहिला.

"म्हणजे तू बाबांना...?"

"बघतेस काय अशी? निवडून आले असते तर बसले असते राजधानीत जाऊन. इथे माझ्या पोटात तू लाथा मारतेयस. तुला मांडीवर कोण घेणार होतं, मतदारसंघ?"

"बाबांना माहीत होतं?"

"पहाटेच सांगितलं होतं. म्हटलं, मी त्या दुसऱ्याला देणार, मागाहून तोंड पाडू नका. खूप हसले. मग माझ्या कळा सुरू झाल्या."

"आणि इतकी वर्षं सगळा गाव मला..." बाईंचा आवाज चढला, तशी जाळ्यांवरची लेक चुळबुळली. त्यांनी तो खाली आणला. "एकदा तरी सांगायचंस, आई."

"मत गुप्त असतं ना? उद्या तूच लोकांना बजावणार आहेस." आई पदराच्या टोकाची घडी घालत, उलगडत राहिली. "तुझे बाबा म्हणाले होते, तिचं नाव पडलंय ते पडू दे, हसण्यावारी जाईल. मला वाटलं, गेलं असेल."

बाहेर भरती लागली होती. शेडखालच्या खांबांत पाणी डचमळत होतं.

"त्यांनी तरी स्वतःला दिलं होतं का, देव जाणे," आई म्हणाली. "मी विचारलं नाही. तू झालीस म्हणून निरोप गेला, तसे रांगेतून मत टाकून धावतच आले. बोटाची शाई ओलीच होती. तुझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि म्हणाले, झालं, हिनेही मत दिलं. पंधरा दिवस घासत होते मी. निघाली नाही."

बाईंचा मोकळा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी कुंचला बुडवला आणि पिवळ्या ओळीवरून एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. चुन्याखाली पिवळा रंग उजळून वर आला, नुकताच लावल्यासारखा. दोघी उलट्या टोपल्यांवर शेजारी शेजारी बसल्या आणि तो वाळायची वाट बघू लागल्या. कुणालाच घाई नव्हती.