मराठीत करून बघा

बुलढाण्याच्या परीक्षा केंद्राचं गेट बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती, आणि अनुपमा मॅडम गेटसमोर अशा येरझाऱ्या घालत होत्या, की पेपर जणू त्यांनाच द्यायचा होता.

धाडच्या त्यांच्या क्लासमधल्या एकोणीस मुली रांगेत उभ्या होत्या. नोकरभरतीच्या परीक्षेतल्या इंग्रजीसाठी मॅडमनी त्यांना एक हुकमी युक्ती दिली होती : वाक्यात चूक आहे का ते कळेना, तर मराठीत करून बघा, अर्थ लागला की वाक्य बरोबर. ‘शेतात धावत जाताना साप दिसला.’ धावत होता तो माणूस, हे शेंबडं पोरही सांगेल. ‘सासूनं सुनेला सांगितलं, की तिची चूक झाली.’ आता चूक कुणाची, हे काय आपल्याकडं सांगावं लागतं? मुली खदखदून हसल्या होत्या आणि वर्षभर तसंच सोडवत आल्या होत्या.

आज सकाळी एसटीत मॅडमनी मागच्या वर्षीची उत्तरतालिका मोबाईलवर पहिल्यांदाच ताडून पाहिली. असल्या दहा वाक्यांतली युक्तीनं काढलेली नऊ उत्तरं चुकलेली. इंग्रजीला म्हणे तो सापच धावताना दिसत होता, आणि सासू की सून ते नाव घालून हवं होतं. बाई बसल्या जागी गार पडल्या.

आता सांगितलं, तर धाडमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. आणि पोरी तर तेच घोकत आत निघाल्या होत्या.

रांगेत सगळ्यांत पुढं वैष्णवी होती.

‘‘मॅडम, तुम्ही काऊन घाबरून राह्यल्या?’’

मॅडमनी तिला बाजूला ओढलं. हळूच सांगितलं. ‘‘ती युक्ती खोटी आहे गं. इंग्रजी वाक्यात आधी जे काम लिहिलंय, ते करणाऱ्याचंच नाव लगेच पुढं पाहिजे. आणि ‘ती’ म्हणजे कोण, अशी शंका आली की वाक्य चूक. माझंच चुकलं.’’

वैष्णवीचा चेहरा पांढराफटक पडला. ओठातल्या ओठात तिनं ते दोनदा म्हणून घेतलं. मग मागं रांगेकडं पाहिलं, आणि मॅडमचं मनगट घट्ट धरलं.

‘‘मले सांगतलं, बस झालं. बाकीच्याईले नका सांगू, मॅडम. जागा सातच हायेत.’’

ती आत गेली. तिच्या मागची पुष्पांजली हसत पुढं आली, आणि मॅडमच्या पाया पडायला वाकली.