पाठवणीची तालीम
त्रिशलाचं होणारं सासर माहेरच्याच गल्लीत, समोरचं घर. "एवढ्याशा वाटेला गाडी कशाला रं? रडू तरी यील का?" वडील धरणेंद्रआप्पा फोटोग्राफरला हसले. "आप्पा, पाठवणीत तुम्ही रडला न्हाईसा तर व्हिडिओत जीव कुठला? नवरी निपाणी हायवेपर्यंत जाऊन माघारी येईल, वरनं ड्रोन. आज तालीम करूया." त्रिशला गाऊनवरच, शेंगा सोलत गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली आणि आप्पांचा खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी गेला. हुंदका आवरेना. "झकास! लग्नातबी असंच रडा!" फोटोग्राफरनं टाळ्या पिटल्या. तेवढ्यात गाडी परतली, सासरच्या दारात थांबली. त्रिशला उतरली आणि सवयीनं गल्ली ओलांडून आपल्याच घरात शिरली. "आप्पा, रडताय कशाला? शेंगा ठेवल्यात की तुमच्यासाठी." डोळे पुसत आप्पा फोटोग्राफरला म्हणाले, "ते जाणं ऱ्हाऊ दे. हे माघारी येणं तेवढं घे."