बदकाचा डोळा

फोटोग्राफीचा सराव म्हणून उत्तरेश्वर रोज सकाळी बागेतल्या तळ्याकाठी पोटावर पडून बदकांचे फोटो काढायचा. त्याच्या बायकोला, दीपमालाला, त्या बदकांचा लई राग यायचा.

"मलाबी न्या की एकदा."

"नको. दोन माणसं दिसली की बदकं बुजतेत. म्हणून तर एकटा जातो मी."

आज त्यानं खुशीत लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला. "डोळा बघ, कसा लख्ख आलाय! मोठा करून बघ."

तिनं मोठा केला. आणखी मोठा केला. त्या काळ्याभोर डोळ्यात तळ्याचा काठ होता, काठावर पालथा उत्तरेश्वर होता, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून लाल ओढणीवाली एक बाई.

"लई भारी जमलाय," दीपमाला म्हणाली. "बदक जराबी बुजलं न्हाई."