दोघींचा नवस

आईचं फार जास्त झालं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात दोघी बहिणींनी देवाला साकडं घातलं. जे जिवापाड आवडतं तेच सोडायचं, हे धाकटीनंच सुचवलं. "ताई, तू गाणं सोड, मी थट्टा सोडते."

आई बरी होऊन घरी आली. थोरलीनं पुढे स्वतःच्या लेकराच्या पाळण्यापाशीसुद्धा सूर लावला नाही. धाकटीही तिच्यासमोर गंभीर बसायची. वेडी माझ्याइतक्याच निष्ठेनं पाळतेय, म्हणून थोरलीचा ऊर भरून यायचा.

आज भाची "मावशी, गा ना" म्हणून हटूनच बसली, तेव्हा थोरलीनं तिला पहिल्यांदा नवसाचं सांगितलं. भाची हसत सुटली.

"आई आणि थट्टा सोडणार? अगं मावशी, ऑफिसात तिच्या नकला बघायला लोक जेवणाचे डबे घेऊन तिच्या टेबलाशी जमतात."

थोरलीनं चहा गाळणाऱ्या धाकटीकडे पाहिलं. "तू देवाला शब्द दिला होतास ना गं?"

धाकटीनं गाळणं खाली ठेवलं.

"तू खरंच गाणं सोडलंस, मग मला सांगायला तोंडच उरलं नाही. ताई, तीसुद्धा थट्टाच होती गं."