दारावरचा खळगा

गोदामामागच्या त्या बोळात प्रत्येक दारावर, छातीइतक्या उंचीवर, एक खळगा होता. पिढ्यान्‌पिढ्या बोटं आपटून लाकूड झिजलं होतं. बोळातला जो तो आधी स्वतःचंच दार वाजवायचा, जरा थांबायचा आणि मगच कुलूप काढायचा. घरात चिटपाखरू नसलं तरीही.

नव्याने एकट्याच राहायला आलेल्या नर्सबाईंना या प्रकाराचं हसू यायचं. ड्यूटी करून पायांचे तुकडे पडल्यावर कोण करतंय असले सोपस्कार? त्या सरळ आत शिरायच्या.

एका दुपारी घरी येताना त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांना विचारलंच, "काका, रिकाम्या घराचं दार कशाला वाजवता हो?"

"बोळ वसला तेव्हापासूनची रीत आहे, सिस्टर. त्यांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा."

"कोणाला?"

काकांचा हात थांबला. "तुम्ही वाजवत नाही?"

"छे! मला तर कधी कोणी दिसलं नाही. खुर्ची तेवढी रोज कोमट लागते."

इस्त्रीखालचा सदरा करपायला लागला, तरी काका हलले नाहीत. "आजपासून वाजवा," ते कसंबसं म्हणाले.

नर्सबाई दारापाशी आल्या. कुलूप जसंच्या तसं लटकत होतं. त्यांनी बोटं खळग्यावर टेकवली आणि हळूच टकटक केली.

आतून, दाराला अगदी खेटून, कोणीतरी मायेने हसलं.

"अगं, वाजवतेस काय? तू तर आता घरचीच!"