एकच बॉक्स

पाय मोडल्यापासून बाबा आतल्या खोलीत पडून होते आणि हूं की चूं करत नव्हते. बाहेर आईही टीव्हीपुढे एकटीच गप्प बसायची. शेवटी धाकटीने आत जुना टीव्ही मांडला, बाहेरच्या केबल बॉक्समधून निघणाऱ्या वायरीला स्प्लिटर जोडला आणि एक फाटा बाबांच्या खोलीत नेला.

दादा हसला. "शहाणे, फाटा बॉक्सच्या आधी काढायचा असतो. आता आई लावेल तेच बाबांना दिसणार. हा घे, दुसरा बॉक्स आणलाय."

"माहितीये मला," कनेक्टर घट्ट पिळत ती म्हणाली.

दोन्ही टीव्हींवर मॅच लागली. ती ऐन रंगात आल्यावर धाकटी म्हणाली, "आई, आता लाव गं तुझी मालिका."

आईने चॅनल बदललं. आतून खणखणीत आवाज आला, "अगं, शेवटची ओव्हर होती ती."

"तुमची शेवटची ओव्हर या जन्मात संपायची नाही," आई म्हणाली आणि सरसावून बसली.

धाकटीने नवा बॉक्स दादाच्या हातात ठेवला. "दुकानात परत देऊन ये. दोघांना वेगवेगळं दिसायला लागलं, तर भांडतील कशावरून?"